बिनउंबरठ्याची घरं

वाशीम सोडून रिसोडच्या रस्त्याला लागलं, की गाव संपता संपता डाव्या हाताला सरकारी क्वार्टरांच्या दोन ओळी दिसत. दुष्काळाची सालं सरली तेव्हा सरकारनं त्या बांधल्या होत्या. ज्यांना स्वतःचं छप्पर नाही अशांना थोड्या भाड्यात राहायला. समोरासमोर तोंडं, मधे सामाईक नळ, भिंतींना फिका पिवळा रंग, वर सिमेंटचे पत्रे. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी. सगळी घरं एका साच्यातली. त्यांच्या पाठीमागं काळ्या मातीची पडीक जमीन, तरोटा आणि गोखरू माजलेली, पार आगगाडीच्या रुळापर्यंत.

शालिग्राम धान्य बाजारात मापारी होता. ज्वारीची रास मोजायला बसला की पहिल्या मापाला तो ‘लाभ’ म्हणायचा, आणि ते लाभ सगळ्या बाजाराला ऐकू जायचं, असा त्याचा गळा. घरातही तो तसाच बोलायचा. कस्तुराबाईचं उलट, ती बोलली तर शेजारच्या खोलीत पत्ता लागत नसे. मूलबाळ नव्हतं. माणिकचंद शेटच्या गोदामामागच्या एका खोलीत दोघांनी संसार काढला, आणि त्या खोलीची भिंत बसली तेव्हा शेटनंच खटपट करून त्यांना क्वार्टर मिळवून दिलं.

चावी मिळाली त्या सकाळी कस्तुराबाई भरला कलश घेऊन नव्या दारात उभी राहिली. देवाचं नाव घेतलं आणि उजवा पाय उचलला. उंबरठा ओलांडायला उचललेला तो पाय नुसताच हवेतून गेला आणि फरशीवर आपटला. कलशातलं पाणी हिंदकळलं. तिनं खाली पाहिलं. दाराला उंबरठाच नव्हता. लोखंडी चौकटीचे दोन खांब सरळ सिमेंटात गेलेले, आणि आतली फरशी तशीच सपाट बाहेर ओट्यावर आलेली.

“काय झालं?” शालिग्राम मागून ओरडला. “अवं, महाल भेटला तुले, अन् तू खाली काय पाहून राह्यली?”

“उंबरठा नाही जी.”

“बरं झालं. ठेच लागाची नाही. चाल आत, मले भूक लागली.”

कस्तुराबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं, तुळसाबाईनं, तिला एक नेम घालून दिला होता. सकाळी उठून उंबरठा पुसायचा, त्यावर हळदकुंकू वाहायचं आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं. ‘घराले तोंड नसते माय,’ सासू म्हणायची, ‘अथून आत आपलं, हे त्यानं सांगावं कसं? उंबरठ्यानं.’ ताप असो, प्रवास असो, हा नेम तिनं कधी मोडला नव्हता. आता ती रोज पहाटे सिमेंटावर रांगोळीची एक रेघ ओढायची, तिलाच उंबरठा मानून हळदकुंकू वाहायची. शालिग्राम बाजाराला निघाला की पहिलं पाऊल त्या रेघेवर. उरलेली वारा नेई.

ओव्हरसिअर इंद्रभान नळाची तोटी पाहायला आला, तेव्हा तिनं धीर करून विचारलं.

“उंबरठा?” तो हसला. “बाई, नकाशातच नाही तो. केर झाडाले सोपं, धुवाले सोपं. पाणी भसकन बाहेर.”

“मग आमी बसवून घेतो जी. आमच्या खर्चानं.”

“सरकारी इमारत आहे. खिळा ठोकाचा तरी मंजुरी लागते. अर्ज करा.”

शेटच्या मुनिमाकडून तिनं अर्ज लिहवून घेतला. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहवला. इंद्रभान म्हणाला, कागद अकोल्याला गेला. मग म्हणाला, अकोल्याहून परत आला, पण सही नाही. मग म्हणाला, “बाई, लोकायले पाणी नाही, वीज नाही, अन् तुमी लाकडाच्या एका पट्टीसाठी जीव काढून राह्यल्या!” तो वाईट माणूस नव्हता. म्हणून तर तिला जास्त राग यायचा. वाईट असता तर तिला निदान शिव्याशाप देता आले असते. ती गप्प घरी यायची आणि ज्वारीच्या पिठावर तो राग काढायची.

शेजारच्या घरात उकंडराव आणि जमनाबाई राहत. उकंडरावानं कापसाच्या जिनात जन्म घालवला होता. आता घरी बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवणं हा त्याचा उद्योग. एका दुपारी कस्तुराबाई त्यांच्याकडं तुरीच्या शेंगा सोलायला बसली होती. उकंडराव बाजेच्या अगदी कडेला, डोक्यावर टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर, असा बसलेला. मग उठला.

“बरं, निघतो,” तो म्हणाला. “लय वेळ बसलो.”

जमनाबाईनं वर पाहिलं. “कुठी निघाले?”

“घरी.”

“ऐक व माय!” जमनाबाई कपाळावर हात मारून हसायला लागली. “सकाळपासून टोपी घालून जावयासारखे बसले आहेत. मले वाटलं, आता मानपान मागतात का काय!”

कस्तुराबाईलाही हसू आवरेना. दोघी हसत राहिल्या. उकंडरावही हसला, पण थोडंसं, ओठांतल्या ओठांत. परक्या घरातला विनोद न कळलेला माणूस हसतो तसं. मग त्यानं दारात जाऊन वहाणा घातल्या आणि खरंच निघून गेला.

सांजच्याला परत आला. दारात उभा राहून खाकरला.

पुढं पुढं जमनाबाईचं हसू कमी झालं. उकंडराव आग्रह केल्याशिवाय जेवेना. ‘नको, नको, कायले तरास,’ म्हणायचा. भाकरी वाढली की अर्धी ठेवायचा. मडक्यातलं पाणी स्वतःच्या हातानं घेईना, मागून घ्यायचा. समोरच्या ओळीतली एक नवी सून भरदुपारी धुवट लुगडं नेसून, कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन आपल्याच घरात बसून राहायला लागली. कोणी विचारलं तर म्हणे, ‘न्यायले येणार आहेत.’ कोण, ते सांगेना. आणखी एकदोन घरांतून तसंच ऐकू आलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सगळ्यांना एकच लाल औषध दिलं आणि सांगितलं, नवी जागा आहे, करमत नसेल, होईल सवय.

“सवय!” जमनाबाई नळावर म्हणाली. “चाळीस वर्सं झाली याच्यासंगं. मले वहिनी म्हणते आता! सवय कोणाची करू, कस्तुरा?”

कस्तुराबाईनं जमनाबाईची घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली, तेवढंच.

त्याच आठवड्यात शालिग्राम बाजारातून आला आणि बाहेरच थांबला. कस्तुराबाई चुलीशी होती. तिला वाटलं, पायाची माती झाडत असेल. बाहेर येऊन पाहते तर तो ओट्याच्या खाली उभा होता. चपला काढून त्यानं एका बाजूला लावून ठेवल्या होत्या, टोकं रस्त्याकडं करून, उठल्यावर लगेच पायात घालता याव्यात अशा.

“या ना,” ती म्हणाली.

तो आत आला. बाजेच्या कडेला बसला. खोलीभर नजर फिरवली. देवांची तसबीर, भांड्यांची फळी, दोरीवर वाळणारं तिचं लुगडं. मग हलक्या आवाजात, ज्या आवाजात तो जन्मात कधी बोलला नव्हता, म्हणाला,

“बाई, पाणी भेटंल का थोडं?”

तिनं तांब्या दिला. त्यानं वरून पाणी प्यायलं, तांब्याला ओठ लागू दिले नाहीत.

त्या दिवसापासून घरातला त्याचा आवाज गेला. बाजारात तो तसाच गरजायचा, लोक सांगत. घरात मात्र ‘तुमी’, ‘असू द्या’, ‘कायले’. ती चिडली, रडली, एकदा तर तिनं त्याच्यासमोर ताट आपटलं. तो घाबरून उठला आणि म्हणाला, “माहं काही चुकलं असंल तर माफ करा.” याहून त्यानं तिला मारलं असतं तर बरं, असं तिच्या मनात आलं, आणि देवासमोर बसून तिनं त्याबद्दल कान पकडले.

आणि तो कमी जेवायला लागला. पहिल्या घासालाच ‘पोट भरलं’ म्हणायचा. तरी तब्येत चांगली होती. हीच गोष्ट तिला खात होती.

एका दुपारी तो बाजारातून आला तो घरात न येता क्वार्टरांना वळसा घालून मागं गेला. ती त्याच्या मागून गेली.

ऊन करकरीत होतं. जमिनीला भेगा पडलेल्या. शालिग्राम तरोट्यातून सरळ चालत गेला, ओळखीच्या वाटेनं जावं तसा. मग एका ठिकाणी, जिथं मातीशिवाय काही नव्हतं, त्यानं डोकं जरासं वाकवलं, उजवा पाय चांगला उंच उचलला आणि पलीकडं टाकला. मग दुसरा. मग त्याचे खांदे सैल झाले. दिवसभराचा थकलेला माणूस घरी आल्यावर होतात तसे.

तो खाली बसला. थोड्या अंतरावर उकंडराव बसला होता, टोपी काढून, पाय पसरून. त्याच्या पलीकडं ती समोरची सून, गाठोडं सोडून कपड्यांच्या घड्या करत. तिघं एकमेकांकडं पाहत नव्हते. मधे भिंती असल्यासारखे पाठमोरे होते. शालिग्राम मागं रेलला होता. त्याच्या पाठीशी काहीच नव्हतं.

त्यानं हात पुढं केला, काही घेतलं, आणि खायला लागला.

“पुरे, पुरे!” तो म्हणाला. तोच गळा, बाजाराला ऐकू जाणारा. “पोट भरलं माहं. तू बस आता, अवं.”

अवं. हा शब्द त्यानं आयुष्यात एकाच बाईसाठी वापरला होता.

कस्तुराबाई तरातरा पुढं गेली. त्याला हाताला धरून ओढत न्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि त्या ठिकाणी, त्या उघड्या मातीत, तिचा उजवा पाय तिनं न उचलता उचलला गेला.

ती तशीच एका पायावर थबकली. पाय मागं घेतला. पदर तोंडावर धरून ती घरी परत आली. दिवे लागेपर्यंत ती जपमाळ घेऊन बसली, पण मणी पुढं सरकेना.

आता तिला मंजुरीची वाट पाहायची नव्हती. तरी एक शेवटची संधी आपण होऊन आली. अकोल्याहून मोठे साहेब वसाहत पाहायला आले. लोकांची तक्रार त्यांच्या कानावर गेली होती म्हणे. इंद्रभान त्यांना नेमकं कस्तुराबाईच्याच घरी घेऊन आला, कारण तिचं घर सगळ्यांत नीटनेटकं. साहेब बाजेवर ऐसपैस बसले. तिनं चहा केला. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ती भिंतीशी उभी राहिली आणि आयुष्यात बोलली नव्हती एवढं बोलली. माणसं घरात राहून घरी नाहीत. त्यांना उंबरठा द्या. दुसरं काही मागत नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “असं आहे बाई,” ते म्हणाले, “मातीच्या घरात जन्म गेलेल्यांना पक्क्या घराची सवय नसते. सगळीकडे होतं हे. हवेशीर आहे, प्रकाश आहे. मन रमवा. भजनमंडळ काढा.”

एवढ्यात शालिग्राम, जो इतका वेळ कोपऱ्यात उभा होता, पुढं झाला आणि साहेबांच्या कानाशी वाकून अदबीनं म्हणाला, “साहेब, निघू आता आपण. या बाईले कामं असतीन.”

साहेब खो खो हसले. इंद्रभानही हसला. कस्तुराबाई दोघांच्या रिकाम्या कपबश्या घेऊन मोरीत गेली आणि तिथं राख घेऊन त्या घासत राहिली, गाडी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत.

दुसऱ्या सकाळी ती पितळेची परात घेऊन जगदेव सुताराकडं गेली.

“बाभळीचा,” ती म्हणाली. “चांगला जाड. परात ठेवून घे.”

“वहिनी, सरकारी दार आहे ते.”

“दार सरकारचं आहे. घर माहं आहे.”

जगदेवानं जुन्या बाभळीचा उंबरठा घडवला. एक शुभ दिवस पाहून, शालिग्राम बाजारात असताना, तो छिन्नी-हातोडा घेऊन आला. फरशी फोडताना आवाज गेला तशी ओळीतली माणसं जमली, पण कोणी अडवलं नाही. जमनाबाईनं स्वतःच्या घरातून सिमेंट कालवायला पाणी आणून दिलं. रिवाज असा, की उंबरठा बसेपर्यंत घरातलं माणूस घराबाहेर राहतं; बसला की घरची बाई भरल्या कलशानं पहिलं पाऊल आत टाकते, मग बाकीचे. आधी बाई, मग घर. कस्तुराबाईनं उंबरठ्याखाली सुपारी आणि हळकुंड ठेवलं. जगदेवानं लाकूड बसवलं, पातळी पाहिली, सांधे भरले.

“झालं,” तो म्हणाला. “कलश घ्या वहिनी.”

ती कलश उचलायला वाकली आणि तेवढ्यात शालिग्राम आला. रस्त्यानं नाही, मागून, पडीक जमिनीकडून आला. धोतराला तरोटा चिकटलेला. तो दारासमोर उभा राहिला. उंबरठ्याकडं पाहत राहिला. खूप वेळ.

“येऊ?” त्यानं विचारलं. आवाजात पाणी होतं.

किती महिन्यांनी त्याला आत यावंसं वाटत होतं. तिला कलश सुचला नाही, रिवाज सुचला नाही. या क्षणी थांबा म्हटलं तर तो पुन्हा जाईल, एवढंच वाटलं.

“या,” ती म्हणाली. “या ना जी. तुमचंच आहे.”

“वहिनी, पह्यलं पाऊल तुमचं...” जगदेव म्हणाला.

“असू दे.”

शालिग्रामनं डोकं वाकवलं, पाय उचलला, आत गेला. आत गेल्यावर तो दारातून एका बाजूला सरकला, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसा, आणि थोडा वेळ तसाच थांबला. कस्तुराबाई अजून अंगणात होती.

मग तो बाजेवर जाऊन धपकन आडवा झाला.

“अवं!” तो आतून गरजला. “चहा टाक ना! काय जीव घेतं का माणसाचा!”

बाहेर सगळे हसले. जमनाबाईला हुंदका आला. कस्तुराबाई कलश घेऊन आत गेली, डोळ्यांना काही दिसत नव्हतं, चहात साखर दोनदा पडली.

मंजुरीची वाट पाहायची कोणाला गरज उरली नाही. जमनाबाईनं उंबरठा घडवायला सांगितला. समोरच्या ओळीतूनही दोघं जगदेवाकडं गेले. इंद्रभान येऊन गेला, उंबरठा पाहून न पाहिल्यासारखं केलं. शालिग्राम पोटभर जेवायला लागला. ओरडायला लागला. भाजीत मीठ कमी म्हणून एकदा ताटावरून उठला, तेव्हा ती देवापुढं साखर ठेवून आली.

एकच गोष्ट तिला खटकायची. तो तिला हाक मारायचा आणि ती ‘ओ’ द्यायच्या आतच त्याचं समाधान झालेलं असायचं.

मग ती सकाळ आली.

नळाला पाणी उशिरा आलं. कस्तुराबाई पहाटेच घागर घेऊन रांगेत उभी होती. उंबरठा पुसायला घरात पाणी नव्हतं, म्हणून नेम व्हायचा होता, म्हणून तोंडात थेंब नव्हता. घागर भरून घरी येईपर्यंत ऊन चांगलं वर आलं. घसा कोरडा पडला होता.

दारात येऊन ती थांबली.

उंबरठा ओला होता. स्वच्छ पुसलेला. मधोमध हळद, तिच्यावर कुंकू, दोन्ही टोकांना एकेक तगरीचं फूल. बोटं टेकवायची तिची जी पद्धत होती, अगदी तशीच टेकवलेली.

शालिग्राम बाजेवर मागं रेलून तंबाखू मळत होता. त्यानं वर पाहिलं. चेहऱ्यावर कसलाही आजार नव्हता. सुखी माणसाचा चेहरा होता तो.

“या बाई,” तो म्हणाला. “बसा. उन्हाच्या आल्या.”

मग मान वळवून स्वयंपाकघराकडं ओरडला, “अवं! कोण आल्या पाह्य. पाणी आण.”

“आणतो जी,” आतून कोणी बाई म्हणाली. इतकं हळू, की शेजारच्या खोलीत पत्ता लागला नसता.

कस्तुराबाईनं घागर खाली ठेवली. तिला आत धावायचं होतं. पाय उचलेना.

आतून बांगड्या वाजल्या. पावलं जवळ आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली एक सावली दारापर्यंत आली आणि उंबरठ्याच्या आतल्या बाजूला थांबली. एक ओला हात बाहेर आला. हातात भरलेला तांब्या होता.

कस्तुराबाईनं हाताकडं पाहिलं नाही, तांब्याकडं पाहिलं. उंबरठ्याचं हळदकुंकू झालेलं होतं. आता पाणी प्यायला हरकत नव्हती. तिनं तांब्या घेतला, मान वर केली आणि ओठ न लावता वरून पाणी प्यायला लागली.

पाणी थंडगार होतं.